लिअरजेट, पाऊस आणि मागे बसलेला मालक

वडूजहून बोलतोय. छोटी खासगी जेट विमानं मोठ्या विमानांपेक्षा जास्त धोक्याची असतात का, हा आजचा विषय.

मुंबईच्या घटनेपासून सुरुवात करू. १४ सप्टेंबर २०२३, संध्याकाळी पाचचा सुमार. विशाखापट्टणमहून आलेलं एक लिअरजेट ४५ मुंबईत उतरत होतं. आत सहा प्रवासी आणि दोन वैमानिक. पाऊस मुसळधार आणि दृश्यमानता ७०० मीटर. धावपट्टी २७ वर उतरताना विमान बाजूला गेलं, आपटलं, तुटलं आणि पेटलं. तरीही आठही जण वाचले.

आता ७०० मीटर म्हणजे किती ते बघा. असं जेट उतरताना ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. म्हणजे समोर जेवढं दिसतंय तेवढं अंतर अकरा सेकंदांत संपतं. तेवढ्यात धावपट्टी ओळखायची, विमान सरळ धरायचं, आणि नाहीच जमलं तर पुन्हा वर न्यायचं.

मग दोष विमानाचा का? थोडा इतिहास सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये १९५५ साली पी-१६ नावाचं लढाऊ विमान उडालं होतं. पुढे तिथल्या सरकारनं त्याची ऑर्डर रद्द केली. अमेरिकेतला उद्योजक बिल लिअर यानं त्या विमानाच्या पंखांवरून आपल्या विमानाचे पंख बेतले, आणि ७ ऑक्टोबर १९६३ रोजी विचिटा शहरात लिअरजेट २३ पहिल्यांदा उडालं. त्याचं वजन मुद्दाम १२,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ५,६७० किलोंच्या आत ठेवलं होतं. का? तर त्या मर्यादेतल्या विमानांना नियम सैल होते. जून १९६४ मध्ये चाचणीच्या वेळी पहिला नमुनाच पडला. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे पंखांची उचल कमी करणारे पत्रे, उडताना उघडेच राहिले होते. सुदैवानं आतली माणसं वाचली.

वेगासाठी केलेला पंख वेग कमी झाला की रुसतो. ठरावीक वेगाखाली उचल अचानक सुटते, त्याला स्टॉल म्हणतात. म्हणून अशा विमानांत वैमानिकाच्या हातातला दांडा आधी थरथरतो, आणि तरी ऐकलं नाही तर आपोआप पुढे ढकलला जातो. १९९५ साली उडालेलं लिअरजेट ४५ तर पूर्ण नव्यानं आखलेलं होतं, आणि तेही मोठ्या प्रवासी विमानांच्या कडक नियमांत बसवून. म्हणजे उत्तर नुसत्या पत्र्यात नाही. ते विमान कोण, कुठे आणि कुणाच्या सांगण्यावरून उडवतं यातही आहे.

आता २९ मार्च २००१ ची गोष्ट ऐका. अमेरिकेत डोंगरांमधल्या अ‍ॅस्पेन विमानतळावर भाड्यानं घेतलेलं गल्फस्ट्रीम ३ उतरत होतं. निघायला उशीर झालेला, अंधार पडत आलेला, बर्फ पडतोय, आणि रात्री तिथे उतरायला बंदी. विमान टेकडीवर आदळलं आणि १८ जण गेले. तपास अहवालात वैमानिकांच्या चुकीबरोबर आणखी एक कारण लिहिलंय: विमान भाड्यानं घेणाऱ्याचा कॅप्टनवर आलेला दबाव.

मुंबईतही असंच झालं असं मी म्हणत नाही. पण हा दबाव आपल्याला ओळखीचा आहे. पावसात खंबाटकी घाट, ड्रायव्हर हळू चालवतोय आणि मागून मालक म्हणतो, "हाण की, मुहूर्त टळतोय." एसटीच्या ड्रायव्हरला असं कुणी म्हटलं तर तो ऐकत नाही, कारण त्याचा पगार त्या प्रवाशाच्या हातात नसतो. नेहमीच्या विमान कंपनीचा वैमानिक त्या एसटी ड्रायव्हरसारखा. चार्टरच्या वैमानिकाला मात्र गिऱ्हाईक पाठीमागेच बसलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट जागेची. चार्टर विमानं लहान धावपट्ट्यांवरही जातात. आपल्या कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या कामासाठी झालेली. मुंबईसारख्या ठिकाणी रेडिओच्या खुणेवर विमान खाली आणणारी आयएलएस यंत्रणा असते, कराडला ती नाही. आणि ती असली तरी ठरलेल्या उंचीवर धावपट्टी डोळ्यांना दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर वर जायचं, इतका साधा नियम आहे. अवघड आहे ते मागच्या माणसाचा चेहरा आठवत असताना तो पाळणं.

आपल्या खटाव-खानापूर भागातली गलाई व्यवसायातली माणसं देशभर पसरलीत. लग्नाला हेलिकॉप्टर आणणंही आता नवीन राहिलेलं नाही. म्हणून एवढंच सांगतो, कधी चार्टर घेतलंत तर निघण्याआधीच वैमानिकाला स्पष्ट सांगा: "साहेब, नाही जमलं तर परत फिरा, नाहीतर दुसरीकडे उतरवा. आम्ही गाडीनं जाऊ." आणि परवानगी, विमा, दोन वैमानिक आहेत का, हे विचारायला लाजू नका. पैसे मोजणाऱ्यानं हे आधीच बोलून टाकलं, तर वैमानिकाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं जमिनीवरच उतरतं.

आज इतकंच. तुमचे प्रश्न पाठवा, पुढच्या भागात हेलिकॉप्टरबद्दल बोलू.