बँडवर जीव असणाऱ्याच्या शेजारची खुर्ची



आज एक शिफारस करायची आहे. एखाद्या बँडच्या कार्यक्रमाला जायचं ठरलं आणि त्याचं संगीत तुमच्या फारसं ओळखीचं नसेल, तर त्या बँडवर ज्याचा मनापासून जीव आहे अशा माणसाच्या शेजारची खुर्ची मिळवा. बँडचा इतिहास नंतर वाचता येतो, रेकॉर्डही घरी ऐकता येतात. पण ज्यानं हे संगीत वर्षानुवर्षं कानात साठवलंय तो कुठे कान देतो, कधी श्वास धरतो, कशानं सैलावतो, हे त्याच्या शेजारी बसूनच कळतं.

माझ्या बाबतीत तो बँड होता ‘शक्ती’. 2023च्या जानेवारीत, पन्नाशीच्या दौऱ्यात, तो मुंबईला आला तेव्हा माझी मैत्रीण मला सोबत घेऊन गेली. ती माटुंग्यात वाढलेली. घरात कर्नाटक संगीत, बाहेर मुंबईच्या मैफली, आणि कॉलेजच्या वयात हातात पडलेली ‘शक्ती’ची कॅसेट. माझा कान हिंदुस्थानी गाण्यावर पोसलेला. गिटार म्हटलं की मी थोडी अंग चोरूनच बसायची.

बँडची गोष्ट थोडक्यात सांगते. जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे गिटारवादक. सत्तरच्या दशकात त्यांचा ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ विजेच्या वाद्यांच्या प्रचंड आवाजासाठी जगभर गाजत होता. त्याच सुमारास ते अमेरिकेत वीणा शिकत होते आणि भारतीय संगीतानं त्यांना ओढून घेतलं होतं. मग अँप्लिफायरच्या भिंती मागे टाकून ते मांडी घालून बैठकीवर आले. शेजारी माहीमचा तरुण तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम. तबला उत्तरेचा, घटम दक्षिणेचा, गिटार पश्चिमेची. एकमेकांचे ताल मोजण्याची रीत वेगळी, राग मांडण्याची रीत वेगळी. तरीही ही माणसं एका सतरंजीवर बसून वाजवू लागली आणि ती नुसती सरमिसळ वाटली नाही. नव्वदीच्या शेवटी ‘रिमेंबर शक्ती’ या नावानं यातली काही मंडळी पुन्हा जमली. त्यात पुढे मेंडोलिनवर यू. श्रीनिवास, कंजिऱ्यावर विक्कूंचा मुलगा सेल्वागणेश आणि गायनाला शंकर महादेवन आले. श्रीनिवास 2014 साली, अवघ्या 45व्या वर्षी गेले. 2023 साली मंचावर गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन होतं.

आता ऐकण्याकडे येऊ.

कार्यक्रम सुरू झाल्यावर मी, सगळे बघतात तसं, जो वाजवतोय त्याच्याकडे बघत होते. गिटारचा तुकडा चालू असेल तर गिटारच्या बोटांकडे. जरा वेळानं लक्षात आलं की मैत्रीण दुसरीकडेच बघतेय. व्हायोलिन रंगात आलं होतं आणि तिची नजर होती झाकीरभाईंच्या चेहऱ्यावर. मी खुणेनं विचारलं, तिनं खुणेनंच तिकडे बघायला सांगितलं. मग मला ते दिसायला लागलं. व्हायोलिनमधून एखादी अनपेक्षित जागा आली की झाकीरभाईंच्या भुवया आधी उंचावायच्या आणि तबल्यावरचं उत्तर क्षणभरानं यायचं. पुढचा तुकडा ठेक्याला कुठे हलवणार याचा अंदाज त्यांच्या मानेच्या हालचालीत आधीच असायचा. माझ्या मते बँड ऐकण्याची हीच पहिली पायरी आहे. एकट्याचं वाजवणं आपल्याला ऐकता येतंच. बँडमध्ये ऐकायचं असतं ते त्यांचं एकमेकांना ऐकणं. जो त्या क्षणी वाजवत नाही, किंवा अगदी हळू साथ करतोय, त्याच्याकडे लक्ष ठेवा. संगीत तिथे घडताना दिसतं.

दुसरी गोष्ट तालाची, आणि ती आपण इथेच करून बघू. रेडिओसमोर बसला असाल तर हात मोकळे करा. तीनताल, 16 मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात उलटा, म्हणजे काल. संथपणे मोजत राहा. आता मी पहिल्या दोन मात्रा गप्प राहीन आणि तिसरीपासून बोल म्हणेन. एक, दोन, तिट कत गदि गन धा, तिट कत गदि गन धा, तिट कत गदि गन, धा! शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर आला. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, म्हणजे 15 मात्रा, तिसऱ्या मात्रेवर सुरू केला की पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पोचतो. ही तिहाई. कीर्तनात, भजनात पखवाजावर तुम्ही ती लहानपणापासून ऐकली आहे, तेव्हा कान तयार आहेतच, त्यांना फक्त जागं करायचं आहे.

तिहाईत इतकं सुख कशात असतं? तुकडा पहिल्यांदा येतो तेव्हा आपण तो नुसता ऐकतो. दुसऱ्यांदा आला की ओळख पटते. तिसऱ्या वेळी शेवट कुठे होणार हे आपल्याला कळलेलं असतं, आणि त्या ठिकाणी पोचेपर्यंतचे ते दोन-चार ठोके आपण कलाकाराबरोबर चालत असतो. सम आली की सभागृहातून आपोआप ‘वा’ निघतो, कारण त्या समेवर आपणही आलेलो असतो. ‘शक्ती’मध्ये ही गोष्ट पाच जणांत वाटली जायची. तबल्यानं तुकडा टाकायचा, कंजिऱ्यानं तो मोडून अर्धा करायचा, गिटारनं त्यावर सूर चढवायचे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एकच धा. माझी मैत्रीण दुसऱ्या पाळीलाच माझं कोपर दाबायची. ती पुढे असायची आणि मी तिच्या मागोमाग पोचायची. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात कधीतरी मी तिच्या आधी पोचले. तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही, पण तुम्हाला तो मिळावा म्हणूनच आज बोलते आहे.

दक्षिणेकडच्या गणिताची वाट थोडी वेगळी. आदि ताल आठ मात्रांचा. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मध्यमा अशी बोटं, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. माझी मैत्रीण पूर्ण वेळ मांडीवर हे धरत होती. यावर तोंडानं बोल म्हणायची जी पद्धत आहे तिला कोन्नकोल म्हणतात. चार अक्षरांसाठी ‘त क धि मि’, तीन अक्षरांसाठी ‘त कि ट’, पाचांसाठी ‘त दि गि न तोम’. मात्रेत चार अक्षरं धरली तर चार मात्रांत 16 अक्षरं बसतात. ती चार-चारच्या चार गटांत म्हणता येतात. तीच 16 पाच, पाच, तीन, तीन अशीही म्हणता येतात: त दि गि न तोम, त दि गि न तोम, त कि ट, त कि ट. हाताची टाळी जराही हलत नाही, पण जोर कुठे पडतो ते बदलतं आणि जमीनच सरकल्यासारखी वाटते. सेल्वागणेश तोंडानं हे बोल सुरू करतात तेव्हा आधी चमत्कार वाटतो. टाळी हातात धरून ऐकलं की त्यातली रचना दिसायला लागते, आणि मग आश्चर्य दुप्पट होतं.

त्यांच्या कंजिऱ्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. डाव्या हातात मावणारं ते छोटंसं वाद्य, कडेला झांजांची एक जोडी. पण कातडं थोडं पाण्यानं भिजवलं आणि डाव्या हाताच्या बोटांनी ते दाबलं की त्यातून खोल, वळणारा नाद येतो. डग्ग्यावर मनगट सरकवून तबलावादक जी घुमार काढतो, तिच्याशी हा नाद बोलतो. ही दोन वाद्यं समोरासमोर आली की ठोके मोजणं थोडा वेळ थांबवा आणि फक्त खर्जाची ही देवाणघेवाण ऐका.

वेगानं भारावून जाणं सोपं आहे. माझी विनंती अशी, की संथ रचनांना चुकवू नका. सत्तरच्या दशकात मॅक्लॉफ्लिननी एक गिटार खास घडवून घेतली होती. पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार ओढून मींड आणि गमक काढता यावी. शिवाय सतारीच्या तरफांसारख्या सात जास्तीच्या तारा आडव्या तिरप्या बसवलेल्या. परक्या वाद्यानं आपल्या सुराकडे यायचं ठरवलं, तर त्याला शरीरातच बदल करावा लागतो, हे त्या गिटारकडे बघून कळतं. ‘लोटस फीट’ ही त्यांची रचना पाचेक मिनिटांची आहे, तिच्यात दाखवायला काहीच नाही, फक्त सूर आहेत. शंकर महादेवन गातात तेव्हा तर मराठी माणसाला आणखी एक धागा सापडतो. ते चेंबूरचे, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटातले आपले पंडित भानुशंकर. खळ्यांच्या चालींची नाजूक वळणं ज्यांच्या मनात आहेत, त्यांना महादेवनांच्या सरगमच्या वेगातही ती ओळखू येतील.

15 डिसेंबर 2024ला झाकीरभाई गेले. तेव्हापासून मैत्रिणीशी या कार्यक्रमाबद्दल बोलताना आमच्यापैकी कोणी ना कोणी मध्येच थांबतं. दरवर्षी 3 फेब्रुवारीला, वडील अब्बाजी अल्लारखाँच्या स्मृतिदिनी, षण्मुखानंद सभागृहात पहाटेपासून तालवाद्यांचा उत्सव त्यांनी उभा केला होता, हेही मुंबईकरांना आठवत असेल. आपल्या आवडीच्या कलाकाराला ऐकायला ‘पुढच्या वेळी जाऊ’ असं कृपा करून म्हणू नका.

ज्यांना ‘शक्ती’ आता ऐकायची आहे त्यांनी 1976 साली निघालेल्या पहिल्या रेकॉर्डपासून सुरुवात करावी. तीही प्रत्यक्ष कार्यक्रमाचीच आहे, न्यूयॉर्कजवळच्या एका कॉलेजात 1975च्या जुलैत झालेल्या. तिच्यातली पहिली रचना ‘जॉय’ सुमारे 18 मिनिटांची आहे. पहिल्यांदा काहीही न मोजता ऐका. दुसऱ्यांदा फक्त घटम ऐका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिसऱ्यांदा टाळी धरा. 2023चा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम त्यानंतर लावा. त्याला 2024 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, पण मी तो सुचवते आहे तो एवढ्यासाठी, की पन्नास वर्षांनी यांच्या वाजवण्यात मोकळी जागा किती वाढली ते त्यात ऐकू येतं.

आणि श्रोत्यांमध्ये जे स्वतःच कुठल्या तरी बँडवर जीव टाकणारे आहेत, मग तो ‘शक्ती’ असो, ‘इंडियन ओशन’ असो की तुमच्या गावचा एखादा वाद्यवृंद, त्यांना सांगणं आहे. नव्या माणसाला बरोबर न्याल तेव्हा वाजवणं चालू असताना कानात माहिती सांगू नका. कुठली रचना कुठल्या वर्षीची, हे मध्यंतरात चहा घेताना सांगता येईल. आधी आठवडाभर त्याला एखादीच रचना ऐकायला द्या, दहा देऊ नका. कार्यक्रमात शेजारी बसा, ताल मांडीवर असा धरा की त्याला दिसेल, आणि जिथे बघायला हवं तिथे फक्त बोट दाखवा.