तपश्चर्या आणि रक्तदाबाची गोळी



चातुर्मासाला प्रारंभ झाला की घरोघरी उपवास, एकासन, आयंबिल यांचे संकल्प होऊ लागतात. चौविहार तर कित्येक कुटुंबांत बारमाही पाळला जातो. याच कुटुंबांतील अनेक ज्येष्ठांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. तपश्चर्येच्या दिवसांत त्या गोळीचे काय करावे, हा प्रश्न मात्र डॉक्टरांना क्वचितच विचारला जातो. कोणी ती आपल्या मनाने बंद करतो, कोणी अठाईतही पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवतो. हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत.

उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही वेदना न देता शरीरात राहतो. गोळी त्याला आटोक्यात ठेवते, समूळ नाहीसा करीत नाही. म्हणून यंत्रावर १३०/८० आकडा दिसला की 'आता रोग गेला, गोळी कशाला?' असे म्हणणे चुकीचे ठरते. तो आकडा बहुतेक वेळा गोळीमुळेच दिसत असतो.

उपवासात शरीराची स्थिती पालटते. अन्नाबरोबर येणारे मीठ थांबते, पाणी कमी पडते आणि पहिल्या काही दिवसांत मूत्रपिंडेही अधिक क्षार बाहेर टाकतात. परिणामी रक्तदाब मुळातच उतरतो. अशा वेळी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन यांसारखी लघवी वाढविणारी गोळी चालू राहिली, तर शरीरातील पाणी, सोडियम व पोटॅशियम आणखी घटते. वंदनासाठी वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. वृद्धांच्या बाबतीत एवढ्यानेही मांडीचे हाड मोडू शकते. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या वर्गातील औषधे निर्जलतेत मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. त्यातच डोकेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले, तर तो ताण अधिक वाढतो.

याउलट काही औषधे एकाएकी थांबविणे घातक असते. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अचानक बंद केल्यास नाडी जलद होते आणि हृदयविकार असणाऱ्यास छातीत कळ येऊ शकते. क्लोनिडीन एकदम सोडल्यास रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. अ‍ॅम्लोडिपिनचा प्रभाव मात्र शरीरात सावकाश ओसरतो. प्रत्येक गोळीचा स्वभाव असा निराळा असल्याने शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपला निर्णय घेता येत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण तुलनेने सोपी आहे. रक्तदाबाची बरीच औषधे आज दिवसातून एकदाच घ्यावयाची असतात. ती सकाळी घ्यावीत की रात्री, याचा शोध ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर घेण्यात आला. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार हृदयविकार व पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने दोहोंत फरक आढळला नाही. त्यामुळे रात्रीची गोळी डॉक्टरांच्या संमतीने सकाळी आणणे बहुधा शक्य होते. एखादी मात्रा चुकली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

औषधाच्या घटकाचे नाव वाचण्याची सवयही हवी. एकच औषध अनेक नावांनी विकले जाते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांमुळे तेच औषध दोनदा पोटात जाण्याचा संभव असतो. कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटिन सामान्यतः प्राणिज असते. ते नको असल्यास कॅप्सूल उघडून घेऊ नये वा औषध सोडू नये. त्याच घटकाची गोळी मिळेल काय, हे डॉक्टरांना विचारावे.

'वनस्पतीचे औषध आहे, अपाय कसला?' हाही समज दूर व्हावयास हवा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरील गुण मांडले आणि या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे याच वनस्पतीतील रिसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते, असेही दिसून आले. खोकल्यावर चघळले जाणारे ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवते. म्हणून काढा-चूर्णाची माहितीही डॉक्टरांना द्यावी.

तपश्चर्येचा संकल्प असल्यास एक-दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून किती दिवस, पाणी घेणार की नाही, हे स्पष्ट सांगावे. कोणती गोळी कमी करावी, कोणती चालू ठेवावी आणि पारण्यानंतर पूर्वीची मात्रा केव्हा सुरू करावी, हे लिहून घ्यावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी झटका आलेला असल्यास ही भेट टाळूच नये. तपाच्या काळात पाच मिनिटे शांत बसून आणि नंतर उभे राहून रक्तदाब मोजावा. उभे राहताच वरचा आकडा वीसने उतरला किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे अथवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रत्याख्यान घेतानाच आगार, म्हणजे सवलत, ठेवण्याची वाट आपल्या परंपरेने दाखविली आहे. औषधाची अडचण गुरुमहाराजांपुढे आधीच मांडली, तर व्रतभंगाची रुखरुख राहत नाही आणि प्रकृतीही सांभाळली जाते. घरातील वडीलधारी मंडळी संकोचाने गप्प राहत असतील, तर यंदा पर्युषणापूर्वी मुला-सुनांनी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.