पायाखालचे पाणी



मराठीचा अध्यापक भूगर्भाविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. मला या विषयाकडे एका क्रियापदाने आणले. ‘खचणे’ हे आपण भिंतीविषयी, विहिरीच्या काठाविषयी आणि मनाविषयीही वापरतो. संबंध शहर खचू शकते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

मेक्सिको शहरात १९१० साली स्वातंत्र्यस्मारकाचा स्तंभ उभारला गेला. पुढे त्याला १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. खोल पायावरचा स्तंभ जागीच राहिला आणि भोवतालचे शहर खाली गेले. जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेल्या त्या शहराने पोटातलेच पाणी उपसले होते. चिकणमातीच्या थरांत कणांमधले पाणी वरचा भार अंशतः पेलत असते. ते काढले की कण एकमेकांवर दाबून बसतात. मग कितीही पाऊस पडो, मिटलेली पोकळी बहुतांशी पुन्हा उघडत नाही.

आपल्या देशातही हे घडले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दिल्ली विमानतळाजवळचा कापसहेडा भाग २०१४ ते २०१६ या काळात वर्षाला सुमारे ११ सेंटिमीटर खचत होता. पुढे हा वेग १७ सेंटिमीटरपर्यंत गेला. हे मोजले उपग्रहाने. तो रडारच्या लहरी जमिनीवर सोडतो, काही दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा सोडतो आणि परतणाऱ्या लहरींतल्या फरकावरून जमिनीची हालचाल कळते. पूर्वी हेच काम पक्क्या खुणांपासून दुर्बिणीने पातळी घेत, किंवा खोल थरात रोवलेल्या नळीच्या आधाराने चाले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह सोडण्यात आला. तो १२ दिवसांनी त्याच मार्गावर येतो. (उर्दूत ‘निसार’ म्हणजे ओवाळून टाकणे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ते नसावे.)

आता आपल्याकडे वळू. ज्या गावाच्या नावाचा मराठीत अर्थच पाण्याचा जोरकस प्रवाह, तेथे ही चिंता कशाला? खानापुरात जांभा आणि कठीण खडक, निपाणी-चिकोडीकडे काळा कातळ. येथे पाणी खडकाच्या भेगांत राहते. ते उपसले तरी कातळ दबत नाही, घरांना तडे जात नाहीत. माझ्या मते धोका नेमका येथे आहे. गाळाची जमीन खचून निदान तक्रार तरी करते. आपला कातळ मुकाट्याने रिता होतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात तापीचा गाळ आहे आणि पाणीही फार खोल गेले आहे; तेथे उपग्रहाचे लक्ष हवेच. आपल्याकडे मात्र उपग्रह पाण्याची पातळी दाखवणार नाही. येथे विहीर हेच मोजमापाचे साधन.

केंद्रीय भूजल मंडळ निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ते काम या शाळेलाही अवघड नाही. एक दोरी, एक वजन, मोजपट्टी आणि वही पुरे. मोजणी मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर, दरवर्षी त्याच विहिरींत, काठावरच्या त्याच दगडापासून व्हावी. वही मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी. विद्यार्थी बदलत जातील.