तळ्यातलं पाणी नव्हे, तळ्यातलं गवत

झाडं लावा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खड्डा, रोप आणि काटेरी कुंपण येतं. आज मी ज्या वनस्पतींबद्दल बोलणार आहे, त्या पाण्यात वाढतात आणि बहुतेकांच्या लेखी त्या केवळ शेवाळ किंवा कचरा असतात.

गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. त्यातले बरेच जुने तलाव आणि बोड्या कोहळी समाजाच्या जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधून घेतल्या. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे ‘मामा’ तलाव, असं गमतीचं नाव पडलं. मामा राहिला, पण त्याच्याकडे लक्ष देणारे भाचे कमी झाले!

जिवंत तलावात वनस्पतींचे थर असतात. काठाच्या ओल्या चिखलात देवधान, म्हणजे रानटी भात, आणि लव्हाळ्यासारखी गवतं. त्यापुढे पानं तरंगवणारी कमळं, कुमुदं. आणि आत, पाण्याखाली बुडालेल्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पती. हा प्रत्येक थर कुणाचं तरी घर असतो. कमळपक्षी लांबलचक बोटांनी तरंगत्या पानांवर चालतो, तिथंच अंडी घालतो आणि ती उबवायचं काम नर करतो. टिबुकली पाणवनस्पतींचंच तरंगतं घरटं रचते. अनेक देशी मासे आपली अंडी बुडालेल्या पानांना चिकटवतात आणि पिल्लं तिथंच लपून वाढतात. आपल्या जिल्ह्याचं भूषण असलेला सारस पुरुषभर उंचीचा. पण तोही चोच खुपसतो ती उथळ चिखलातल्या कंदांसाठी.

मग बिघडलं कुठं? एक तर बेशरम आली. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप, फुलं गुलाबी, देखणी. गुरं तोंड लावत नाहीत, कारण ते विषारी आहे. तोडून टाकलेली फांदी पडल्या जागी मूळ धरते. दुसरं, उत्पन्न वाढावं म्हणून तलावात बाहेरचे मासे सोडले गेले. त्यातला गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, नावाप्रमाणे गवतच खातो. आणि तिसरं, माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे यंत्रानं सरसकट केलेलं खोलीकरण. गाळ काढणं गरजेचंच आहे, पण उथळ काठ खरवडून उभी भिंत केली की कंद आणि बियाही ट्रॉलीत भरून जातात. त्या तलावात पाणी दिसतं, पक्षी दिसत नाही.

यावर काम झालं आहे, तेही आपल्याच जिल्ह्यात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या मासेमारांनी, त्यातही बायांनी, मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीनं तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावल्या. रीत शेतकऱ्याला लगेच समजेल अशी आहे. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की बेशरम मुळासकट उपटायची. उघडा पडलेला तळ नांगरायचा. पाऊस पडून चिखल झाला की ज्या तलावात या वनस्पती टिकून आहेत तिथून रोपं आणून रोवणी करायची. अगदी धानाच्या रोवणीसारखी! कुठलं गवत कुठल्या माशाला लागतं, हे ज्ञान ढीवरांकडे आधीपासूनच होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

ज्यांच्या शेतात स्वतःची बोडी आहे, त्यांना हे यंदाही करता येईल. एक काठ उतरता ठेवा. तिथं देवधान दिसलं तर त्याला निंदू नका. बांधीतलं करगं काढावंच लागतं, पण बोडीतल्या देवधानानं तुमचं काय बिघडतं? पाळीवर गुलमोहराऐवजी अर्जुन किंवा जांभूळ लावा. रोपं आणताना एकाच तलावातून ओरबाडून आणू नका, चार ठिकाणांहून मूठ-मूठ घ्या. आणि आणण्याआधी स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या, कारण मुळांत अडकलेला जलकुंभीचा एक तुकडाही दोन पावसाळ्यांत अख्खी बोडी झाकून टाकू शकतो.