शाश्वत व्यवस्थापनाची पदवी आणि खानदेश

(खानदेशातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गात मी कापसाच्या भावावर किंवा केळीच्या पीकविम्यावर बोलावे, अशी आपल्यापैकी अनेकांची अपेक्षा असणार. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'शाश्वत व्यवसाय व्यवस्थापनाची ऑनलाइन पदवी' असे सांगितले आणि ते क्षणभर गप्पच झाले. हा तर कंपन्यांच्या साहेबांचा विषय. कष्टकऱ्यांच्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचेच उत्तर देण्याचा आज माझा प्रयत्न राहील.

विषय मला सुचला तो एका तरुणामुळे. रावेर तालुक्यात केळी पाठविणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो हिशेब लिहितो. त्याचे वडील एके काळी माझ्या वर्गात होते. वाणिज्य शाखेची पदवी आहे, घरची दोन एकर जमीन आहे. पण नोकरी सोडून पुण्या-मुंबईस जाऊन शिकण्याची ऐपत नाही. त्याने दोन वर्षांचा हा पदव्युत्तर ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री मोबाइलवर व्याख्याने ऐकायची, वीज गेली असेल तर ती पहाटे उठून ऐकायची, आणि इंग्रजी अडले की रविवारी जळगावला माझ्याकडे यायचे. अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मीही त्या पदवीचा बिनफीचा विद्यार्थी झालो.

प्रथम माझी एक जुनी चूक कबूल करतो. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. आम्हा महाविद्यालयीन प्राध्यापकांपैकी अनेकांनी त्या वेळी नाके मुरडली. घरी बसून मिळते ती कसली पदवी, असे मीही म्हणत असे. पुढे एका अभ्यासकेंद्रावर रविवारी अर्थशास्त्र शिकविण्याची पाळी माझ्यावर आली. समोर एस.टी.चे वाहक होते, पोलीस शिपाई होते, अंगणवाडी सेविका होत्या, लग्नामुळे शाळा सुटलेल्या स्त्रिया होत्या. आठवड्याची एकमेव सुट्टी त्यांनी बाकावर घालविली होती. त्या वर्गात मला कळले की, दहा ते पाच महाविद्यालयात बसणे ही या देशात एक चैन आहे, आणि ज्यांना ती परवडते तेवढेच बुद्धिमान, अशी आम्ही सोयीस्कर समजूत करून घेतली होती. दूरशिक्षण हा समतेच्या दिशेने पडलेला पाऊल होता हे समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये.

ऑनलाइन पदवी ही त्याच वाटेवरची पुढची पायरी, असे वरकरणी दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम केले, २०२० साली दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांची एकत्र नियमावली काढली, आणि मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे २०२२ साली स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने दार उघडले. पण दार उघडताच आत कोण शिरले, हेही पाहिले पाहिजे.

आमच्या या तरुणाने एका संकेतस्थळावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहिला मात्र, दिवसाला चार-चार फोन येऊ लागले. बोलणारा स्वतःला समुपदेशक म्हणवीत असे; वस्तुतः तो विक्रेता होता. फी या मुलाच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी. त्यावर समुपदेशकाने तोडगा सांगितला, 'सोपे हप्ते.' मुलाने मोबाइलवर अंगठा दाबला, आणि ती फी नसून एका वित्तकंपनीचे कर्ज आहे हे त्याला तीन महिन्यांनी समजले. आईच्या आजारपणात एक सत्र बुडाले, तरी हप्ता बुडवून चालले नाही. सावकार गावच्या पेढीवरून उठून खिशातल्या यंत्रात येऊन बसला, इतकाच फरक. जुन्या अभ्यासकेंद्रावर निदान शंका विचारायला एक माणूस असे. येथे शंकेचे उत्तर आठ दिवसांनी येई, तेही छापील.

आता अभ्यासक्रमात काय शिकवितात ते पाहू. आरंभ होतो १९८७ सालच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालापासून. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणे म्हणजे शाश्वत विकास, ही त्यातली व्याख्या. व्याख्या चांगलीच आहे. पण वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याआधी चार दशके, तुरुंगात असताना, टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक पुस्तकच लिहिले होते. त्याचा उल्लेख दोन वर्षांत एकदाही आला नाही. आपल्याच अंगणातली विहीर बुजवून परदेशी बाटलीतले पाणी विकत घ्यावे, तसा हा प्रकार झाला.

त्यानंतर येतात कायदे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावयाचे असतात. 'सेबी'ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण, कामगार आणि कारभार यांविषयीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. हे निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. आकडे एकदा उघड्यावर आले की त्यांवर प्रश्न विचारता येतात. परंतु जळगावच्या बहुतेक डाळगिरण्या, आपले जिनिंग कारखाने, केळीचे व्यापारी यांतले किती जण या जाळ्यात सापडतील? जाळ्याची भोके एवढी मोठी की खानदेशातली बहुतेक मासळी त्यातून सहज निसटते.

याहून महत्त्वाचा प्रश्न हिशेबाच्या हद्दीचा आहे. या विद्यार्थ्याला गृहपाठ मिळाला : आपल्या व्यवसायाचा पाणी आणि इंधन यांचा ताळेबंद मांडा. त्याने केळी धुण्याचे पाणी मोजले, दिल्लीपर्यंत जाणाऱ्या ट्रकांचे डिझेल मोजले, पुठ्ठ्याची खोकी मोजली. पाण्याचा आकडा अगदी किरकोळ निघाला. मी विचारले, "केळीच्या बागेने वर्षभर विहिरीतून उपसलेले पाणी कुठे आहे?" तो म्हणाला, "सर, ते शेतकऱ्याच्या खात्यावर. धंद्याच्या खात्यात येत नाही." यावल-रावेरच्या पट्ट्यात कूपनलिका कशा वर्षागणिक खोल गेल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण ते पाणी कोणाच्याच कागदावर नाही. धंद्याचे कुंपण संपले की हिशेब संपतो, आणि नेमके कुंपणाबाहेरच सारे नुकसान साठते.

कोणी म्हणेल, ठिबक सिंचन आहे ना! आहे, आणि जळगावच्या भवरलाल जैन यांनी त्याचा जो प्रसार केला त्याचे मोल मी कमी लेखत नाही. तथापि इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ साली कोळशाविषयी एक गोष्ट दाखवून दिली होती : यंत्र काटकसरी झाले म्हणजे कोळसा वाचतोच असे नाही, स्वस्त पडू लागल्याने एकूण वापर उलट वाढतो. एकरी वाचलेले पाणी शेजारच्या आणखी एका एकरात केळी लावण्यासाठी गेले तर भूजल कसे वाचणार? नळीच्या सोबतीला नियम लागतो, आणि नियम एकट्याने करता येत नाही.

अशा नियमाचा धडा शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी तीन-चारशे वर्षे चालत आलेली फड पद्धत आपल्याला माहीत आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात या वर्षी कोणते पीक घ्यावयाचे आणि कोणता पडीक ठेवावयाचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे. एका फडात एकच पीक. पाणी देणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या गावाने नेमलेले. नदीत पाणी कमी, तर ओलिताचे फडही कमी. सामायिक साधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या पांझराकाठच्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटले नसते. अर्थात फडाचे गोडवे गाताना आपण डोळे मिटू नयेत. तेथे मत होते ते जमीनधारकाचे. भूमिहीनाला आणि स्त्रीला नव्हते. हा दोष काढून तो धडा पुढे नेणे, हे काम आपले आहे.

आता धुळे जिल्ह्यातलीच दुसरी गोष्ट. ती सांगताना मला जड जाते. दोंडाईचाजवळच्या विखरण गावचे धर्मा पाटील, वय ८४. त्यांची जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली होती. पुढे तो सौर ऊर्जेचा प्रकल्प ठरला. आपल्याला इतरांच्या मानाने फारच तुटपुंजा मोबदला मिळाला, ही दाद मागत ते हेलपाटे घालीत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला ते गेले. सूर्यापासून वीज करणे याहून शाश्वत काम कोणते? मीही त्याच्या बाजूचा आहे. पण किती कोळसा वाचला याचा आकडा काढताना, ज्याच्या जमिनीवर ते घडते त्याचे काय झाले याला रकाना नसेल, तर त्या शास्त्राला शाश्वत म्हणण्याचा अधिकार उरत नाही. अन्यायावर उभी केलेली कोणतीही व्यवस्था, मग ती कितीही हरित असो, टिकाऊ नसते.

मग ही पदवी घ्यावी की नाही? मित्रहो, घ्यावी असेच माझे मत आहे. त्याचे कारण त्या तरुणानेच मला दिले. कामगारविषयक प्रकरणाचा गृहपाठ करताना त्याने आपल्या मालकाकडच्या घड वाहणाऱ्या आणि ट्रक भरणाऱ्या मजुरांची नोंदवही मागितली. वही नव्हतीच. हजेरी नाही, वजनाची मर्यादा नाही, दुखापतीची भरपाई नाही. माथाडी आणि हमाल कामगारांसाठी या राज्याने १९६९ सालीच कायदा केला, हे त्याला या निमित्ताने प्रथम समजले. अहवालात त्याने लिहिले, 'मजुरांची नोंद उपलब्ध नाही.' परीक्षकाने त्याला किती गुण दिले ते मला ठाऊक नाही. पण मालकाला ते वाक्य झोंबले, आणि आज त्या वखारीत हजेरीची वही आहे. फार मोठी क्रांती झाली असे मी म्हणत नाही. एक वही आली. जळगावची खानदेश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांचे हिशेब वाचू शकणारी माणसे कामगारांच्या बाजूला पुरेशी असती, तर निदान काय घडते आहे ते आपल्याला वेळेवर कळले असते. ताळेबंद वाचण्याची विद्या आपण मालकांच्या मुलांवर सोपवून दिली, ही आपली जुनी चूक आहे.

म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली : कोणाही मुलाने प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्याच यादीत पाहावे, आणि हप्त्याच्या कागदावर संमती देण्याआधी तो कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा. हे काम आपल्या प्रत्येक तालुका कार्यालयाने करावे. दुसरी : साक्री, शिरपूर, चोपडा, यावल अशा ठिकाणच्या वाचनालयांत रविवारचे अभ्यासगट सुरू करावेत, आपल्यातले निवृत्त शिक्षक त्यासाठी पुरेसे आहेत. तिसरी : हा विषय सार्वजनिक विद्यापीठांनी अल्प फीत, मराठी पाठ्यसाहित्यासह आणि माणसे भेटतील अशा केंद्रांसह शिकवावा, अशी मागणी आपण लावून धरावी. चौथी : विद्यार्थ्याने प्रकल्प लिहिला की त्याची एक मराठी प्रत गावाच्या ग्रामसभेत वाचली जावी. विहिरीचे पाणी, मजुराची हजेरी आणि संपादित जमीन हे तीन रकाने त्याने आपल्या हाताने वाढवावेत. परीक्षकाने गुण दिले नाहीत तरी चालेल.

शेवटी एक स्मरण. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्या वर्गाला ना फी होती, ना पदवी. पण ते टिपण पुढे घराघरांत पोचले. रविवारी शिकण्याची आणि शिकलेले इतरांपर्यंत नेण्याची ही रीत आपल्या भूमीला नवी नाही. त्या तरुणाची पदवी येत्या उन्हाळ्यात पुरी होईल. कर्जाचे हप्ते त्यानंतरही वर्षभर चालू राहतील. त्याच्या मागून येणाऱ्या मुलांवर तरी ही पाळी येऊ न देणे आपल्या हाती आहे. मी रविवारी घरीच असतो. ज्यांना अभ्यासगट सुरू करायचा असेल, त्यांनी आजच मला भेटावे.