मंगल परिणयात दुभाषी हवा



कोलशेत परिसरात कारखाने आले, तशी कामासाठी परप्रांतांतील माणसेही आली. शेजार जमला, पुढे सोयरिकीही जुळल्या. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एका मुलाची वधू कलबुर्गीकडची होती. तिला मराठी येत नव्हते. त्रिशरण-पंचशील पालीतून झाले, प्रतिज्ञा मराठीतून झाल्या. वधू शब्दामागून शब्द उच्चारत होती. आम्ही फुले उधळली, टाळ्या वाजवल्या. जेवताना तिच्या मामांनी मोडक्या हिंदीत विचारले, "आमच्या मुलीने कशाकशाला हो म्हटले?" आम्ही खाली मान घातली.

बँकेत निरक्षर खातेदाराचा अंगठा घेण्यापूर्वी आम्ही त्याला मजकूर समजावून सांगतो. पाचशे रुपयांसाठी घेतो ती काळजी जन्माच्या जोडीदारासाठी नको काय?

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी पूज्य चंद्रमणी महास्थविरांकडून पालीतून त्रिशरण-पंचशील घेतले; पण जनसमुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे १२ वे कलमही हेच सांगते. विवाह अधिकारी व तीन साक्षीदारांसमक्ष वर-वधूंनी एकमेकांचा स्वीकार करायचा, तो दोघांना समजणाऱ्या भाषेत. त्याशिवाय त्या कायद्याखालील विवाह पूर्ण होत नाही.

सिगालोवाद सुत्तात पतीची पाच व पत्नीची पाच कर्तव्ये आहेत. पत्नीचा सन्मान राखणे, तिला घरात अधिकार देणे ही पतीची कर्तव्ये. ती वधूला कळलीच नाहीत, तर उद्या ती आपला हक्क मागणार कशी?

म्हणून आमची सूचना आहे. अशा विवाहात दुभाषी ठेवावा. तो शक्यतो वरपक्षाचा नातेवाईक नसावा. प्रतिज्ञांचा कागद त्याला आदल्या दिवशी द्यावा. बोधाचार्यांनी एक वाक्य म्हणून थांबावे, दुभाष्याने तेवढेच सांगावे, पदरचा उपदेश घालू नये. वधूने आपल्या भाषेत उत्तर द्यावे आणि ते सभेला मराठीत ऐकवावे. वर किंवा वधू कर्णबधिर असल्यास सांकेतिक भाषेचा जाणकार बोलवावा व तो दोघांना दिसेल असा उभा करावा.

यामुळे विधीला पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतील. मंडपात वरातीची वाट पाहत आपण तासन् तास बसतोच. मुलीचा होकार समजून घ्यायला एवढा वेळ देऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!