घोड्याचे तोंड मऊ कसे ठेवावे?



मार्गशीर्षात सारंगखेडा, माळेगावच्या यात्रांतून आपल्यापैकी काहीजण तरणा घोडा घरी आणतात. आणल्या दिवसापासून लगाम ओढत राहिले, की घोडा तोंडाचा कठीण होतो. पुढे टांग्याला जुंपल्यावर रस्त्यात बुजला, तर कितीही ओढा, थांबत नाही. मग माणूस आणि जनावर दोघांच्याही जिवावर बेतते.

असे का होते? घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. तिच्याखाली लगेच हाड. कडियाळे, म्हणजे लगामाचे तोंडातले लोखंड, तिथेच बसते. सारखे ओढल्याने हिरडी सोलवटते आणि घोडा उलट जोर लावायला शिकतो.

म्हणून आधी तोंड बघा. अडीच ते पाच वर्षांच्या वयात दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा हिरड्या दुखतात. जखम दिसली तर लगाम घालू नका, पशुवैद्यांना दाखवा. कडियाळे इतकेच वर बांधा, की ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडाव्यात. थंडीत लोखंड हातात धरून कोमट करा, मग घाला. काटेरी कडियाळ्याला तर १९६५ च्या सरकारी नियमांनी बंदीच आहे.

आता शिकवणी. पहिले काही दिवस नुसत्या मोरखीवर शिकवा, मग लगामावर.

१) घोडा सपाट जागी उभा करा. डावी वादी हळूच ताणून धरा. हिसका देऊ नका.

२) घोडा मान ताठ करील. करू द्या. तुम्ही ताण वाढवू नका, सोडूही नका.

३) त्याने जरासे तोंड वळवले, जबडा सैल केला, की त्याच क्षणी वादी ढिली सोडा आणि मानेवर थोपटा.

४) मग उजव्या बाजूने तसेच करा.

मान थोडी वळली तरी पुरे; तोंड खांद्याला टेकवायचा हट्ट नको. तोंड एका बाजूला बांधून तर कधीच ठेवू नका. रोज दहा मिनिटे बस्स. उभ्याने जमले की चालताना, मग दुडक्या चालीत. दोन्ही बाजू मऊ झाल्याशिवाय गाडीला जुंपू नका.

ढील मिळाली म्हणजे आपले बरोबर झाले, एवढेच घोड्याला कळते, बरं का. ती उशिरा दिलीत, तर तो चुकीचे शिकेल. तेव्हा नजर त्याच्या जबड्यावर ठेवा आणि हात हलका ठेवा.